उपरणेवाल्याचा मुखवटा: एक दुरुस्ती

कुमुद, तुझी ट्रंक गेल्या आठवड्यात सुधानं उघडली. मी नको म्हणत होते. तुझं तेरावं होऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. पण पोरीला पुण्याला परत जायचं होतं, आणि आत्याच्या साड्या तिनंच नीट लावाव्यात असं तुझ्या दादांनी सांगितलं. साड्यांच्या खाली, जुन्या चादरीत बांधलेली, आपली कॉमिकं निघाली. सुधा तिथंच जमिनीवर बसून चाळायला लागली. मी डाळ निवडत होते. निवडता निवडता तिला सांगत होते, तो बघ पूल, तिथं उपरणेवाला पुलाला म्हणतो, बाबा रे, तू इतक्यांना पाठीवर घेतोस, आज घटकाभर मी तुला घेतो. सुधानं पान जवळ धरलं. मग लांब धरलं. मग म्हणाली, "आई, यात असं काही लिहिलेलं नाही."

मी म्हटलं, नीट वाच, बी.ए.ला बसलीस ना?

"इथं एवढंच आहे, की पूल पडतोय, पळा."

मी म्हटलं, पुढचं पान बघ. पुढच्या पानावर होतं, थांब चोरा. त्याच्या पुढे, आता दाखवतो तुला. मग मी डाळीचं सूप बाजूला ठेवलं. एकेक अंक तिच्यापुढे धरला आणि एकेका चित्रावर बोट ठेवून विचारलं, इथं काय, आणि इथं? दुपार उतरेपर्यंत आम्ही ते करत होतो. सुधा शेवटी रडकुंडीला आली. म्हणाली, आई, हे सगळं आत्या बोलायची, पुस्तकात नाहीये गं.

तर असं आहे. सात वर्षं मी अमेरिकेतल्या एका लेखकाची परीक्षणं लिहिली, आणि तो लेखक माझ्यासमोर मटार सोलत बसलेला होता.

त्यातलं एक परीक्षण मला दुरुस्त करायचं आहे. मुखवट्याच्या अंकाचं. येत्या रविवारी देवळाच्या सभामंडपात आपल्या बायकांच्या मंडळाचं हस्तलिखित मासिक वाचायचं आहे. ज्या बायका तेव्हा हसल्या त्याच समोर असणार, आणि त्यांच्यापुढे मला हे वाचायचं आहे. पण आधी तुला सांगते. तुझ्याबद्दल तुझ्या पाठीमागे बोलायची या घराला सवय आहे. मला ती नको.

मंडळात नव्या आलेल्या बायकांना तू नुसती हस्तलिखिताचे अंक लिहून काढणारी म्हणून माहीत. त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगते, तू कंटाळू नकोस. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा मी तेरा वर्षांची आणि तू चारची. सासूबाई सतत आजारी, त्यामुळे तुझी वेणी, तुझं खाणं, तुझं परकर शिवणं माझ्याकडे आलं. तू शाळेत जायला लागलीस आणि पाटीवर जे काढायचीस ते मी चुलीपुढे राखेत काढायचे. तू वाचलंस म्हणून मला वाचता आलं. तू पुढं इंग्रजी शिकलीस, मॅट्रिक झालीस. मी राखेवरून कागदावर आले ते मराठीपुरतीच.

लढाईत कल्याणच्या छावणीत तुला टायपिस्टची नोकरी लागली. लढाई संपली, गोरे सोल्जर गेले, हपीस मोडलं, आणि शेवटच्या दिवशी तू एक गठ्ठा काखेत मारून आलीस. मला वाटलं साबण असतील. निघाली ही चित्रांची पुस्तकं. सोल्जरांनी बराकीत टाकून दिलेली, कोणाच्या पानाला चहाचे डाग, कोणाला बुटांचे. पुढं तू कल्याणच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण झालीस. शाळेच्या कामाला महिन्यातून एकदा ठाण्याला जायचीस, तिथं कोर्टाच्या भिंतीला टेकून एक जुन्या पुस्तकांवाला बसायचा, त्याच्याकडून आणखी आणायचीस. रंगीत, चोपडा, मऊ पडलेला कागद. त्याचा वास मला अजून येतो.

शनिवारी तुझी शाळा अर्धी. जेवणं आटोपली की आपण ओसरीवर बसायचो. तू वाचायचीस, मी बघायचे. त्या माणसाच्या पाठीवर लांब कापड असतं आणि तो उडतो. मी म्हटलं, हे उपरणं आहे की काय याचं? तेव्हापासून तो उपरणेवाला. त्याचं खरं नाव इंग्रजीत काय आहे ते मी अजून विचारलेलं नाही आणि विचारणार नाही.

चित्रातलं मला कळतं असं मी आपलं धरून चालले होते. का, तर रांगोळी. चिमटीतली रांगोळी संपत आली की रेघ थरथरते, हे ज्या बाईनं रोज अंगणात ती घातली आहे तिला सांगावं लागत नाही. त्या चित्रकाराची चिमूट खांद्यापाशी संपायची. छाती झोकात, दंड झोकात, आणि मनगटापाशी आला की घाई. एकही उघडा पंजा त्याला धड काढता येत नव्हता. मी पहिल्याच परीक्षणात लिहिलं, की हा नायक वाईट लोकांवर चिडून मारामारी करत नाही, चित्रकाराला बोटं काढता येत नाहीत म्हणून याला सारख्या मुठी आवळाव्या लागतात. तू ते लिहून काढताना हसून हसून डोळे पुसलेस. तुझ्या दादांनी आतून विचारलं, काय झालं, तर तू म्हणालीस, वहिनीनं अमेरिकेला धारेवर धरलं.

बायका सगळ्या एका चेहऱ्याच्या, हेही माझं म्हणणं होतं. एकीचे केस पिवळे, एकीचे तांबडे, नाक तेच. ते तुला मान्य होतं. पण भांडण व्हायचं ते मागच्या जागेवरून. मारामारी रंगात आली की हा माणूस मागची घरं, रस्ते, माणसं सगळं गाळायचा आणि नुसता पिवळा रंग फासून द्यायचा. मी म्हणायचे, आळशी आहे. तू म्हणायचीस, "राग आला की माणसाला मागचं दिसत नाही, वहिनी. तेच काढलंय त्यानं." यावर आपण किती शनिवार घालवले असतील. मी तुला शेवटपर्यंत हो म्हटलं नाही. आताही म्हणत नाही. मला तो आळसच वाटतो. तू गेलीस म्हणून पिवळ्या रंगात घरं उगवली नाहीत.

लेखनाबद्दल मात्र मी जे जे बोलत गेले ते तू ऐकत गेलीस, आणि हे आता आठवलं की मला ओसरीवर बसवत नाही.

मी लिहिलं, हा माणूस दिवसभर आगी विझवतो, याला भूक कशी लागत नाही? दोन अंकांनंतर तू वाचलंस. चित्रात तो एका उंच गच्चीच्या कठड्यावर हनुवटीला हात लावून बसलेला. तू म्हणालीस, तो मनात म्हणतोय, सकाळपासून पोटात काही नाही, खाली कुणाच्या तरी घरी काहीतरी परततायत, त्याचा वास वर येतोय, पण असं उडत जाऊन वाढा म्हणायचं कसं? मला इतका आनंद झाला. मी गल्लीभर सांगितलं, की आपण लिहिलेलं तिकडे पोचतं. शेजारच्या गोदूताई म्हणाल्या, "पोस्टानं पाठवता की काय माई, का तोच येतो न्यायला?" मी म्हटलं, हसा, पण भूक लागली की नाही त्याला? सुधा आता म्हणते, आई, हे अंक लढाईतले छापलेले, तुझं परीक्षण त्यानंतर पाच वर्षांनी. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. तुझ्या आली असणार. तू मटार सोलत राहिलीस.

एकदा मी म्हटलं होतं, एवढ्याशा फुग्यात इतकं कसं मावतं? तोंडाजवळ त्यांचे बोलण्याचे फुगे असतात ना, त्यात तीन शब्द आणि तू मिनिटभर बोलतेस. तू म्हणालीस, "इंग्रजी आवळून लिहितात. शॉर्टहँड असतं ना आमचं, तसं." मी ते पण खरं मानलं. पुढच्या महिन्यात तेही परीक्षणात घातलं, की थोडक्यात खूप सांगण्याची कला आपल्याकडच्या लेखकांनी शिकावी.

आता मुखवट्याच्या अंकाकडे येते. इतका वेळ इकडेतिकडे केलं कारण तिथं यायला पाय उचलत नव्हता.

शनिवारच होता. तुला तेव्हा खोकला नुकता सुरू झालेला, ओवा चघळत होतीस. त्या अंकात एक चित्र आहे, उपरणेवाला आरशासमोर उभा आहे आणि मुखवटा त्यानं हातात काढून घेतला आहे. डोळ्यांपुरता असतो तो, काळा. छापखान्यात रंग जरा सरकलाय, त्यामुळे डावा डोळा आणि कानशील यांच्यामध्ये बोटभर जागा कोरी राहिलीय. पांढरीफटक. मी म्हटलं, बघ, छापणाऱ्यांनी काय घाण केलीय. तू ते पान बराच वेळ धरून बसलीस. मला वाटलं अवघड इंग्रजी आहे. मग तू म्हणालीस, "चूक नाही ती. त्याला तिथं डाग आहे."

आणि सांगायला लागलीस. की तो लहान असताना त्याच्या डोळ्याशी पांढरं दिसायला लागलं. लोक बघायचे. घरात त्या गोष्टीचं नावसुद्धा कोणी काढत नव्हतं, नुसतं एकमेकांकडे बघायचे. मग त्याच्या आईनं एक काळं कापड घेतलं, डोळ्यांच्या जागी दोन भोकं कापली, आणि बसून मुखवटा शिवला. म्हणाली, आता तुला कोणी काही म्हणणार नाही. पुढं तो मोठा झाला, इंजिनं थोपवायला लागला, लोक त्याला बघून टोप्या उडवायला लागले. तेव्हा त्याला वाटलं, आता काढावा. पण आता लोक ओळखत होते ते मुखवट्याला. चेहऱ्याला कोणीच ओळखत नव्हतं.

पान उलटलं तर खरंच एक म्हातारी बाई खिडकीशी शिवत बसलेली होती. सुधानं त्या दिवशी मला वाचून दाखवलं. ती त्याची मावशी आहे, फाटलेलं उपरणं शिवते आहे, आणि म्हणते आहे, लवकर ये, पाव गार होतो.

मी ते परीक्षण एका बैठकीत लिहिलं. तू तुझ्या सुरेख अक्षरात हस्तलिखिताच्या अंकात उतरवलंस, नेहमीसारखं. तो अंक माझ्यासमोर उघडा आहे. त्यातलं जसंच्या तसं देते, म्हणजे मला काही मऊ करता येणार नाही:

"या अंकात चित्रकाराने आपले काम नेहमीप्रमाणे मुठी आवळून केले आहे. लेखकाने मात्र निराशा केली. जो पुरुष आगगाडीचे इंजिन दोन हातांनी थोपवतो तो डोळ्याजवळच्या बोटभर डागाला भितो, हे मनाला पटत नाही. असल्या नायकाला आमच्या गल्लीतल्या बायकांत चार दिवस आणून बसवावे, म्हणजे भीती जाईल. त्याच्या आईचे पात्र मात्र उत्तम उतरले आहे. तिची माया टाक्याटाक्यातून दिसते."

तू लिहून काढत होतीस तेव्हा मी भाकऱ्या करत होते. तू फक्त एवढं विचारलंस, की टाक्याटाक्यातून असंच ठेवू का? मी म्हटलं, ठेव, चांगलं आहे ते.

सभामंडपात मी ते वाचलं. गल्लीतल्या बायकांवर आले आणि सगळ्या हसल्या. गोदूताई म्हणाल्या, मीच काढते मेल्याचा मुखवटा, द्या पाठवून. आणखी हसू. मी मान वर केली तर तू मागच्या खांबाशी, अंक बांधायचं फडकं मांडीवर घेऊन बसलेली, आणि हसत होतीस. मी ते हसणं बघितलं आणि मला बरं वाटलं. परीक्षण जमलं असं वाटलं.

घरी येताना रस्त्यात तू म्हणालीस, "इंजिन उचलता येतं गं वहिनी. लोकांची नजर नाही उचलता येत."

मी काय म्हटलं आठवतं? मी परीक्षक ना. मी म्हटलं, "मग लेखकानं ते दाखवायला हवं होतं. नुसतं सांगून कसं चालेल?"

तू विहिरीपाशी आल्यावर म्हणालीस, "हो. ते लेखकाचं चुकलं."

त्यानंतर आणखी पाच अंक आपण वाचले. मी तक्रार करायचे, की लेखकाची धार गेली, नुसतं थांब चोरा आणि आता दाखवतो तुला. सुधानं ते पाचही तपासले. त्यात तसंच छापलेलं आहे. म्हणजे मुखवट्याच्या अंकानंतर तू जे होतं ते वाचलंस, एक शब्द पदरचा घातला नाहीस. आणि मी लिहिलं, "लेखक थकलेला दिसतो. त्याने काही काळ विश्रांती घ्यावी." तेही तुझ्याच अक्षरात आहे.

बायांनो, आता जे सांगते ते तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. माहीत नाही असं आपण सगळ्यांनी मिळून ठरवलेलं होतं.

कुमुदच्या डाव्या डोळ्याशी, कानशिलाकडे, कोडाचा डाग होता. अकरा-बारा वर्षांची असताना उठला. बोटाच्या पेराएवढा होता, मग बोटभर झाला. हा शब्द आमच्या घरात मी आज पहिल्यांदा कागदावर लिहिते आहे. सासूबाई तो शब्द न उच्चारता गेल्या. तुझे दादा अजून "तिचं ते" असं म्हणतात.

तुला बघायला यायला लागले तेव्हा तू विशीत होतीस. तुझे दादा मला म्हणाले, तू बघ काय ते. मी बघितलं. चंदन उगाळलं, त्यात पावडर मिसळली, चिमूटभर हळद, तुझ्या हातावर लावून रंग जुळवला. रांगोळीचे रंग मिसळायची मला सवय, त्यामुळे छान जुळला. तू पाटावर बसायचीस, डोळे मिटायचीस, आणि मी करंगळीनं लावायचे. उन्हात नेऊन बघायचे. दिसत नव्हतं. मला माझ्या हाताचं कौतुक वाटलेलं अजून लक्षात आहे.

चार स्थळं आली. तीन नुसती नाही म्हणाली, पत्रिका, उंची, काय काय. चौथं टिटवाळ्याहून आलं होतं, ऐन मे महिन्यात. मुलगा बरा होता, त्यानं तुला विचारलं काय वाचता, आणि तू सांगितलंस, आणि तो हसला. पोहे झाले. तुला घाम आलेला मला दारातून दिसत होता आणि मला काही करता येत नव्हतं. मुलाच्या आईला ते दिसलं. वाईट नव्हती ती बाई. तिला वाटलं काही लागलंय. "अगं, डोळ्याशी काय लागलंय," असं म्हणून तिनं आपल्या पदरानं पुसलं. मग परत पुसलं. मग पदराकडे बघितलं.

तेवढ्यात बशा उचलल्या गेल्या आणि ते उठले.

तू आत आलीस. मी तुला जवळ घ्यायला हवं होतं, कुमुद. तू माझ्या हाताखाली वाढलेली. मी तुझी हनुवटी धरून तुझा चेहरा उजेडाकडे वळवला आणि बघत राहिले, की हळद कमी पडली की चंदन पातळ झालं. मी तुला म्हटलं सुद्धा, की पुढच्या वेळी थोडा डिंक घालू.

पुढची वेळ तूच येऊ दिली नाहीस. पण त्या दिवसापासून पावडर तू स्वतः लावायला लागलीस. छावणीत जाताना, शाळेत जाताना, देवळात, ठाण्याला. वाटी तीच, चंदन तेच, प्रमाण माझं. वीस-बावीस वर्षं. मी तुला रोज आरशासमोर बघायचे आणि मला वाटायचं, चला, हिला जमलं.

आणि हे सगळं करून मीच लिहिलं, की एवढा बलदंड माणूस डागाला भितो हे पटत नाही.

तू एकदाच बोललीस आयुष्यात, त्या आरशापुढच्या माणसाच्या तोंडून. मी ऐकून घेतलं, त्यातल्या चुका काढल्या, चारचौघीत वाचून हशा मिळवला, आणि वर सांगितलं की दाखवायला हवं होतं. कुठं दाखवणार होतीस? रोज सकाळी दाखवत होतीस की. माझ्याच वाटीत बोट बुडवून.

गोदूताईंनी परवा मला एक सुचवलं. त्यांना मी सगळं सांगितलं, त्या रडल्या, त्यांचं हसणं त्यांना आठवलं. म्हणाल्या, माई, अंकाची एकच प्रत आहे, ते पान फाडून टाकू, कोणाला कळणार नाही. चांगल्या मनानं म्हणाल्या. मीही पान हातात धरलं. पण ते तुझं अक्षर आहे. माझे शब्द, पण काना, वेलांटी, रफार सगळं तुझं. तुझ्या हातची आता एवढीच पानं उरली आहेत, आणि त्यातलं सगळ्यात वळणदार लिहिलेलं पान हेच आहे. ते तू मुद्दाम इतकं सुंदर लिहिलंस का, हे मला कळत नाही. विचारायला तू नाहीस. फाडणार नाही.

तू रागावशीलही. म्हणशील, हे सभामंडपात वाचायचं होतं का वहिनी? घरातल्या घरात म्हटलं असतंस. आठ दिवस मी हाच विचार केला. पण लेखकाला न विचारता त्याच्या पुस्तकावर मी सात वर्षं बोलले, तर लेखक कोण हे तरी त्याच लोकांपुढे सांगायला हवं. पुलाशी बोलणारा, गच्चीवर भुकेला बसलेला, सगळा तुझा होता. चित्रं त्यांची. मुठी त्यांच्या. बाकी कुमुदनं लिहिलं. ते चांगलं लिहिलं होतं, आणि मी ज्या ज्या वेळी ते चांगलं म्हटलं त्या त्या वेळी मला ते खरंच चांगलं वाटलं होतं, एवढं तरी तुझ्याजवळ राहू दे. तुझ्यामुळं मला एक अख्खा मुलूख मिळाला, नावं ठेवायला. चूल आणि अंगण याच्या पलीकडचा. त्याबद्दल तुला कधी एक शब्द बोलले नाही, कारण मला वाटत होतं तो मुलूख अमेरिकेचा आहे.

आणखी एक सांगायचं राहिलं. ते सांगितल्याशिवाय हा कागद पुरा होत नाही.

तू गेलीस त्या सकाळी, बाकीच्या बायका यायच्या आधी, मी तुला अंघोळ घातली. साडी नेसवली. कुंकू लावलं, तू कुमारी म्हणून गेलीस तर लावायचं असं गोदूताई म्हणाल्या. आणि मग माझा हात आपला आपण कोनाड्याकडे गेला. वाटी काढली, चंदन उगाळलं, पावडर, चिमूटभर हळद. करंगळीनं लावली. तुझे डोळे मिटलेलेच होते. खिडकीच्या उजेडात मान वळवून बघितलं. छान जुळली होती.

तुझ्या दादांनी दारातून बघितलं आणि बाहेर गेले.

मी डागाबद्दल जे लिहिलं त्याची दुरुस्ती आधी करायची असं ठरवलं होतं, पण ते आता मला तेवढं मोठं वाटत नाही. ती चूक अडाणीपणाची होती. ज्या ओळीवर माझं बोट अडतं ती खालची आहे, स्तुतीची. आईचे पात्र उत्तम उतरले आहे. तू ती बाई इतकी मायेनं सांगितली होतीस, कुमुद. तिला कुठं वाईट ठरवलं नाहीस, तिच्या हातात सुई दिलीस, खिडकीचा उजेड दिलास. आणि मी बसून तिची तारीफ लिहिली.

काल दुपारी मी हस्तलिखिताचा तो अंक उघडला आणि तुझ्या अक्षराला धक्का न लावता, समासात, माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं आहे. रविवारी तेही वाचणार आहे. असं लिहिलं आहे:

"ही आई कोण ते परीक्षण लिहिणारीला ठाऊक नव्हते. तिची माया टाक्याटाक्यातून दिसते हे खरे आहे. पण मुखवटा शिवायला बसण्यापूर्वी तिने त्या लेकराला विचारले नाही, की तुला हा हवा आहे का. तो मोठा झाल्यावरही विचारले नाही. आणि शेवटी, तो उत्तर देऊ शकत नव्हता तेव्हा, तिने तो आणखी एकदा चढवला."